डुकराचं नाव, माणसावर नेम

गेल्या पौषात धाकटे भाऊजी आमच्याकडे जेवायला आले होते. दिवस मावळायच्या आत पानं वाढायची म्हणून माझी घाई चाललेली. तव्यावर भाकरी, हात पिठाचे, आणि भाऊजींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "वहिनी, यातलं कुठलं घ्यावं सांगा. तुमची निवड चांगली असते." मला वाटलं मिक्सर असेल, नाहीतर पडद्याचं कापड. बघते तर दोन रिव्हॉल्व्हर. एक पॉइंट बावीसचं, एक पॉइंट बत्तीसचं. "शेतावर ठेवायला," ते म्हणाले. "डुकरांनी तूर पार लोळवली. मोठं नको, लहानच घेऊ. हलकं, सुटसुटीत."

भाकरी करपली. त्या रात्री मी काहीच बोलले नाही. पण "कुठलं घ्यावं" हा प्रश्न डोक्यातून जाईना. गेल्या दोन-तीन वर्षांत हाच प्रश्न मी आमच्या समाजातल्या आणखी चार घरांत ऐकला आहे. पादरा, सावली, डभोई, वाघोडिया, जिथे म्हणून बडोद्यातल्या माणसांची शेतं नाहीतर फार्महाउसं आहेत, तिथे हा विषय निघतो. पुरुष मंडळी जेवण झाल्यावर बडीशेप चघळत वजन, नळी, किंमत यांवर बोलतात. कशासाठी, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून मी विचारते आहे. मी बंदुकीतली तज्ज्ञ नाही. चाळीस वर्षांपूर्वी कला शाखेची पदवी घेतली आणि तेव्हापासून घर चालवते आहे. पण स्वयंपाकघरात एक गोष्ट शिकले: आधी काय चिरायचं ते ठरतं, मग विळी की सुरी ते ठरतं. हत्यार आधी आणि काम मागून, असं घरात चालत नाही. शेतात कसं चालेल?

तेव्हा कामापासून सुरुवात करू.

पॉइंट बावीस म्हणजे नळीचं तोंड इंचाच्या शंभर भागांपैकी बावीस भाग, साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. त्यातून सुटणारी गोळी साधारण अडीच ग्रॅमची, सोनाराकडच्या एका साध्या अंगठीएवढी. बत्तीसची गोळी सहा ग्रॅमच्या आसपास. समोर कोण आहे? रानडुकराचा मोठा नर शंभर किलोंच्या पुढे जातो. त्याची खांद्यावरची कातडी जाड, आणि तो उभा राहून तुमची वाट बघत नाही. नीलगाय, जिला इथे रोझ म्हणतात, तिचा पुरता वाढलेला नर दोनशे किलोंच्या वर भरतो. रात्र काळोखी, तूर डोक्याएवढी, अंतर तीस-चाळीस पावलं, आणि हातात वीतभर लांबीचं हत्यार. सरावलेल्या माणसाचाही नेम त्या अंतरावरून अंधारात चुकतो. आमचे भाऊजी तर एलआयसीतून निवृत्त झालेले.

समजा नेम लागलाच. तरी त्या अंगठीएवढ्या शिशाने डुक्कर जागच्या जागी पडत नाही. ते जखमी होतं, आणि जखमी डुक्कर उलटून अंगावर येतं, हे गावातलं पोरही सांगेल. नाहीतर ते रक्त गाळत शेजारच्या केळीत शिरतं, तीन दिवस कुजतं आणि मरतं. म्हणजे पीक वाचत नाही, फक्त एका जिवाचे हाल होतात. आणि नेम चुकला तर? बावीसची बारीक गोळी किलोमीटरभरसुद्धा जाऊ शकते. दगडावर, पाण्यावर आपटून दिशाही बदलते. आमच्या शेतापासून किलोमीटरभरात दोन वस्त्या आहेत, एक प्राथमिक शाळा आहे आणि जैन मंदिर आहे. हलकं घेऊ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी मोजावं.

कुणी म्हणेल, परदेशात शेतकरी असलं हत्यार कमरेला लावून फिरतात. फिरतात, अमेरिकेत फिरतात. तिथे ते सापावर, उंदरावर चालवतात, नाहीतर पाय मोडलेल्या जनावराला एकदाचं सोडवायला वापरतात. पण तिथली शेतं शेकडो एकरांची, कायदा निराळा, रीत निराळी. आपल्याकडे म्हाताऱ्या, लंगड्या जनावरासाठी पांजरापोळ आहे, आणि ती आपल्याच लोकांनी उभी केलेली आहे. उंदरांसाठी धामण आहे. ती फुकट काम करते, आपण फक्त तिला मारायचं नाही. नाग निघाला तर बडोद्यात साप पकडून सोडणारी तरुण मुलं फोन केल्यावर मध्यरात्रीही येतात. अहो, हे गाव मगरींबरोबर राहतं. विश्वामित्री शहराच्या मधून वाहते, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी सोसायट्यांत, रस्त्यांवर आल्या होत्या. एक तर घराच्या छपरावर बसलेली साऱ्या देशाने पाहिली. वनखात्याच्या माणसांनी आणि स्वयंसेवकांनी दोऱ्या टाकून त्या पकडल्या आणि परत नेऊन सोडल्या. जे गाव मगरीला हाताने उचलतं, त्या गावातल्या शेतकऱ्याला डुकरासाठी रिव्हॉल्व्हर लागतं, हे मला पटत नाही.

आता कायदा. भाऊजींना वाटतं, परवाना मिळाला की झालं. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीचा उल्लेख आहे, आणि तो कशासाठी आहे बघा: ठासणीच्या बंदुकीसाठी. अगदीच भागत नसेल तर परवाना देणारा अधिकारी गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर करू शकतो. लांब नळीची, खांद्याला लावायची, लांबूनच दिसणारी बंदूक. खिशात मावणारं रिव्हॉल्व्हर पिकाच्या राखणीसाठी म्हणून कायद्याच्या मनातही आलेलं नाही. ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांना शेत आणि खिसा यांतला फरक कळत होता.

शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे मारण्याचा परवाना नव्हे. रानडुक्कर आणि नीलगाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. पिकाची नासाडी होते म्हणून मारायचं तर वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. बिहारमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने या दोन्ही प्राण्यांना काही जिल्ह्यांत ठरावीक काळापुरतं उपद्रवी ठरवलं. जून २०१६ मध्ये मोकामाच्या टापूत हैदराबादहून नेमबाज बोलावले आणि काही दिवसांत दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. मनेका गांधी आणि पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर, दोघंही एकाच मंत्रिमंडळातले, यावरून उघड भांडले. मला इथे त्या भांडणात पडायचं नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की तिथे सरकारची परवानगी होती, कसलेले नेमबाज होते, रायफली होत्या, आणि तरी बिहारच्या शेतकऱ्याची तक्रार संपली नाही. पुढेही तिथे नेमबाज बोलवावे लागले. मग आमच्या भाऊजींच्या पाव किलोच्या रिव्हॉल्व्हरने काय होणार?

पाव किलो मी थट्टेने म्हणत नाही. इछापूरच्या सरकारी कारखान्यातलं 'निडर' नावाचं बावीसचं रिव्हॉल्व्हर अडीचशे ग्रॅमचं आहे, आमच्या एका वेळच्या भेंडीएवढं. त्याच्या आधी, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरहून 'निर्भीक' आलं. बत्तीसचं, अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या घरात. २०१२ सालच्या दिल्लीतल्या त्या घटनेनंतर बायकांसाठी म्हणून ते काढलं. पर्समध्ये मावतं, असं तेव्हा सांगत होते. दोन्ही नावं बघा: निडर, निर्भीक. ज्याला भीती वाटते त्यालाच विकायचं असलं की नाव असं ठेवतात. आणि दोन्ही ज्या कामासाठी बनवली, ते काम कुठल्याही प्राण्याशी संबंधित नाही. ती माणसासाठी बनवली आहेत.

इथे माझं मुख्य म्हणणं येतं, आणि ते मी आडपडदा न ठेवता सांगते. शेतावरच्या लहान रिव्हॉल्व्हरचं लक्ष्य डुक्कर नाही. डुकराचं नाव पुढे करायचं आणि मनात माणूस ठेवायचा, असा हा व्यवहार आहे. जे काम लांब बंदूक करू शकते ते हे करू शकत नाही, जे कुंपण करू शकतं तेही करू शकत नाही. हे एकच काम करू शकतं: चार-पाच हातांवर उभ्या असलेल्या माणसाला मारणं. तेव्हा ज्यांना ते हवं आहे त्यांनी आधी तोंडाने म्हणावं, "मला माणसावर चालवायला हत्यार हवं आहे." हे वाक्य म्हणता आलं तर पुढे बोलू. म्हणता आलं नाही, तर तो अर्ज भरू नये.

भाऊजींनी ते म्हटलं, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. दुसऱ्या वेळी आले तेव्हा मी विचारलं आणि ते जरा गप्प राहून म्हणाले, "बरं, माणसासाठी. वहिनी, मोटारीची केबल दोनदा कापून नेली. चड्डी-बनियान टोळ्यांच्या बातम्या तुम्ही वाचत नाही का? पोलिस ठाणं चौदा किलोमीटरवर. रात्री पाच-सहा जण आले तर मी काय, णमोकार म्हणत बसू?"

प्रश्न खोटा नाही. एकाकी शेतावर रात्री झोपणाऱ्याला भीती वाटते, आणि तिला हसणारी मी नाही. शहरात तिसऱ्या मजल्यावर जाळीचं दार लावून अहिंसेवर बोलणं सोपं आहे. पण उत्तर द्यायचं तर खरं द्यावं लागतं. परवाना घेताना हत्यार सुरक्षित ठेवीन असं लिहून द्यावं लागतं. म्हणजे कुलपात, मुलाबाळांच्या हाताबाहेर. आता रात्री दोन वाजता पाच जण दार फोडून आत आले. तुम्ही उठणार, चष्मा शोधणार, किल्ली शोधणार, कपाट उघडणार, गोळ्या भरणार. तोवर ते पाच जण काय उभे राहून वाट बघणार आहेत? आणि उपयोग व्हावा म्हणून भरलेलं उशाखाली ठेवलंत, तर मग नातवंडं सुट्टीत शेतावर येतात त्याचं काय? नियम पाळला तर उपयोग नाही आणि उपयोग हवा तर नियम मोडायचा. शिवाय निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायला सांगतात. आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत निवडणुकांना काय तोटा? त्या दिवसांत टोळ्या सुट्टीवर जातात का?

आणि एक गोष्ट पुरुष कधी बोलत नाहीत, कारण ती त्यांच्या लक्षातच येत नाही. परवाना त्यांच्या नावावर, पण हत्यार राहणार घरात, म्हणजे माझ्या ताब्यात. शेतावर पक्कं कपाट नाही, तेव्हा भाऊजींचा बेत असा की मधल्या दिवसांत ते आमच्याकडे ठेवायचं. माझ्या कपाटात, पैठणीच्या खाली, जिथे सोनं असतं तिथे. किल्ली माझ्या कमरेला. म्हणजे कुठल्या पोराच्या हाती लागू नये ही काळजी माझी. घरातलं कुणी दहावीच्या निकालाने, लग्न मोडल्याने, धंद्यातल्या खोटीने खचलं, तर त्या किल्लीकडे डोळा ठेवायचा तोही मीच. विष शोधायला वेळ लागतो, दोरी बांधायला वेळ लागतो, आणि त्या वेळात दार वाजतं, आई हाक मारते, मन फिरतं. रिव्हॉल्व्हर तो वेळ देत नाही. मी अशा दोन घरांना भेटून आले आहे जिथे मुलाचं मन फिरायला वेळ मिळाला. ती मुलं आज नोकरी करतात.

एवढंही नको. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेते गोविंदा यांना पहाटे स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. बातम्यांत आलं की ते कपाटात ठेवताना हातातून पडलं. कपाटात ठेवताना! आणि ज्यांना 'आपल्या घरात असं होत नाही' असं वाटतं, त्यांनी २२ एप्रिल २००६ ची सकाळ आठवावी. प्रमोद महाजनांवर गोळ्या झाडल्या त्या चोराने नव्हे, सख्ख्या धाकट्या भावाने, वरळीच्या घरात, परवान्याच्या बत्तीसच्या पिस्तुलाने. अकरा दिवसांनी, ३ मे ला, ते गेले. त्या पिस्तुलाचा परवानाही कुणाला तरी धोका नको म्हणूनच दिला असेल. भाऊभाऊ कुठल्या घरात भांडत नाहीत? आमच्याकडे शेताच्या वाटणीवरून अजून वर्षातून एकदा आवाज चढतो. आवाज चढतो, पानं आपटली जातात, दुसऱ्या दिवशी भाऊजी केळी घेऊन येतात आणि मिटतं. मिटतं, कारण आपटायला हाताशी पानंच असतात.

आता धर्माचं. कारण भाऊजींनी शेवटी तो काढलाच. "वहिनी, शास्त्रात विरोधी हिंसा गृहस्थाला क्षम्य आहे." बरोबर आहे. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असे हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेत शिकलो. जाणूनबुजून मारायचं ही संकल्पी हिंसा, ती श्रावकाने सोडायचीच. बाकीच्या तीन संसारी माणसाला पूर्ण टळत नाहीत. आम्ही तर शेतकरी जैन. माझं माहेर शिरोळकडचं, तिथे नांगर धरणारे जैन पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नांगराच्या फाळाखाली किती जीव जातात ते आम्हाला ठाऊक आहे, आणि म्हणून 'आम्ही मुंगीही मारत नाही' असं बोलायची आमची हिंमत होत नाही. कुठल्याशा श्रेष्ठपणाच्या गच्चीवर चढून मी बोलत नाही, एवढं समजून घ्यावं.

पण विरोधी हिंसा म्हणजे समोर विरोधक उभा ठाकल्यावर, दुसरा उपाय संपल्यावर, नाइलाजाने झालेली हिंसा. भुकेपोटी तूर खाणारं डुक्कर विरोधक नव्हे. केबल तोडून पळणारा पोरगा चोर आहे, पण पाठमोऱ्या पळणाऱ्याला विरोधक म्हणता येत नाही. आणि आज ज्याचा पत्ता नाही अशा विरोधकासाठी सव्वा लाख मोजून आधीच तयारी करून ठेवणं यात नाइलाज कुठे आहे? त्यात संकल्पाचाच अंश जास्त दिसतो. शास्त्राने आणखीही एक सांगितलं आहे आणि ते कुणी आठवत नाही. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत एक आहे हिंसादान: हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात फरशी, तलवार, अग्नी, बेड्या सगळं मोजलेलं आहे. घरात रिव्हॉल्व्हर आणून ठेवणं म्हणजे ज्याच्या हाती ती किल्ली लागेल त्या प्रत्येकाला केलेलं हिंसादान. मग तो चोर असो, नातू असो, की रागावलेला भाऊ असो.

भगवान ऋषभदेवांनी माणसाला सहा कर्मं शिकवली: असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प. भाऊजी म्हणतात, बघा, पहिली तलवारच आहे. आहे ना! चामुंडरायाने बाहुबलीची मूर्ती उभी केली, तो सेनापती होता. जैनांनी तलवार धरलीच नाही असं मी म्हणत नाही. पण असि आणि कृषी ही दोन वेगळी कर्मं म्हणून मोजली, हे कसं विसरता? रक्षण करणं ज्याचं काम त्याने हत्यार धरावं, त्याचा जाब द्यावा. पिकवणं ज्याचं काम त्याने पिकवावं. दोन्ही एका खिशात घातली की राजाही नाही आणि शेतकरीही नाही, नुसता घाबरलेला माणूस उरतो.

आता एक गोष्ट लिहिते, जी भाऊजींना आवडणार नाही. मी त्यांना सांगून लिहिते आहे. त्यांनी 'लिहा' असंही म्हटलं नाही आणि 'लिहू नका' असंही नाही.

बारा-तेरा वर्षं झाली. मामंजी ऐंशीच्या पुढे गेलेले, कानांनी कमी ऐकू येई, मधूनमधून विसरायचे. थंडीत आम्ही सगळे चार दिवस शेतावर राहायला गेलो होतो. त्या काळी शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी यायची. मामंजींनी आयुष्यभर रात्री उठून पाणी बदललेलं. दोन वाजता तुरीत खसफस झाली. भागियाच्या कुत्र्याने तोंड घातलं. हे आणि भाऊजी दोघं काठ्या घेऊन बाहेर पडले, मी दारात. टॉर्चमधले सेल संपत आलेले, उजेड पिवळा, दोन पावलांपुढे पोचेना. तुरीच्या कडेला एक वाकलेली आकृती. भाऊजींनी ओरडून विचारलं, "कोण छे?" उत्तर नाही. परत विचारलं. उत्तर नाही. त्याच्या आधीच्याच आठवड्यात शेजारच्या शेतात चोरी झालेली. भाऊजी धावत गेले आणि काठी वर केली.

काठी वर जायला वेळ लागतो. ती डोक्यामागे जाते, मग खाली येते. त्या क्षणभरात आकृती पुटपुटताना ऐकू आली. मामंजी णमोकार म्हणत पाटाचं दार चाचपत होते. काठी तिथेच थांबली. भाऊजी बांधावर बसले आणि पोरासारखे रडले. मामंजींना काही कळलंच नाही. "पाणी फिरवलं का रे?" एवढं विचारून ते खोलीत येऊन झोपले. पुढे साडेतीन वर्षं जगले, अंथरुणावर शांतपणे गेले, आणि शेवटचं पाणी भाऊजींच्याच हाताने घेतलं.

आता त्या रात्री भाऊजींच्या हातात काठीऐवजी ते हलकं, सुटसुटीत हत्यार असतं तर? हत्याराला वर जावं लागत नाही. बोट जेमतेम हलावं लागतं. दक्षिण आफ्रिकेच्या ऑस्कर पिस्टोरियसने १४ फेब्रुवारी २०१३ ला बाथरूमच्या बंद दारातून गोळ्या घातल्या. आत चोर आहे असं वाटलं, असं त्याने न्यायालयात सांगितलं. आत त्याची मैत्रीण होती. न्यायालयाने त्याला शेवटी खुनाबद्दल दोषी धरलं. तो खरं बोलला की खोटं, ते बाजूला ठेवा. अंधारात दिसतं ते आपलं भय असतं, माणूस नंतर दिसतो. काठी त्या नंतरची वाट बघते, आणि म्हणूनच ती शेतकऱ्याच्या हातात शोभते.

आणि शेतात रात्री दिसणारा माणूस बहुधा कोण असतो? आमच्यासारख्यांच्या शेतात तो भागिया असतो. छोटाउदेपूरकडचा, दाहोदकडचा, बायकामुलांसह पत्र्याच्या खोपटात राहणारा. रात्री त्याची मुलगी आडोशाला जाते, त्याचा भाऊ एसटी चुकली म्हणून चालत येतो, त्याची बायको दुखऱ्या दाताला लवंग मागायला येते. टोळी आयुष्यात एकदा येईल किंवा येणारही नाही. ही माणसं रोज येतात. हत्यार त्यांच्यावरच आधी रोखलं जाणार, आणि उद्या काही झालंच तर 'अंधारात चोर वाटला' हे वाक्य आपल्या वकिलाला सोपं जाईल. मला ते वाक्य आपल्या घरातून कधी निघायला नको आहे.

"मग करायचं काय?" हा प्रश्न उरतोच, आणि तो टाळून लेख संपवणं बरं नाही. तुरीचं नुकसान खरं आहे, केबलचंही खरं आहे. आमच्याकडे गेल्या दोन हंगामांत जे केलं ते सांगते. कडेने तारेचं कुंपण घातलं. गुजरात सरकारची तार फेन्सिंगची योजना आहे, शेजाऱ्यांनी मिळून अर्ज केला तर सोयीचं पडतं. आत सौरऊर्जेवरचं झटका मशीन लावलं. ते क्षणभर हिसका देतं, जनावर दचकून परत फिरतं, मरत नाही. मात्र लाइनची वीज थेट तारेत सोडू नका. तो गुन्हा आहे आणि त्याने माणसं मेली आहेत. अहिंसेच्या गोष्टी करणारे काही भाऊबंदही गुपचूप हे करतात, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. केबल जमिनीखालून नेली. भागियाला राखणीचे पैसे वेगळे द्यायला लागलो, आधी ते त्याच्या वाट्यातच धरलेले होते. त्याला एक साधा फोन दिला आणि आजूबाजूच्या सहा शेतांचे नंबर त्यात भरून दिले. या सगळ्याला मिळून त्या सव्वा लाखापेक्षा कमी पैसे लागले. डुकरं अजून येतात, पण आता कोपऱ्यातली चार झाडं जातात. ती चार झाडं त्यांची, असं मी धरते. नांगराखाली आपण जे घेतो, त्याच्या मानाने हे देणं फार नाही.

परवान्याचा अर्ज अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे. भाऊजींनी तो फाडला नाही, भरलाही नाही. हे म्हणतात, "तू नको बोलूस, त्याचं त्याला ठरवू दे." पण कपाट माझं आहे, किल्ली माझी आहे, आणि निवडही मलाच विचारली होती. तेव्हा भाऊजी, पंधरा महिने उशिरा का होईना, उत्तर देते. बावीस नको, बत्तीस नको. शेतासाठी एक चांगला टॉर्च घ्या. मोठा, लांब झोताचा, समोर उभ्या माणसाचा चेहरा दिसेल असा. पैसे मी देते.